अक्काच्या ताटातलं तूप

मैत्रिणींनो, आज मी लय जळले. तेही सख्ख्या बहिणीवर.

माझ्या धाकट्या भावाला रक्ताचा कॅन्सर हाय. केमोनं आजार आटोक्यात आला, पण परत उलटू नये म्हणून डॉक्टरांनी बोन मॅरो ट्रान्सप्लांट सांगितलंय. सख्ख्या भावंडाचं जुळलं तर सगळ्यात बरं, म्हणाले. म्हणून मी आन् थोरल्या अक्कानं तपासणीला रक्त दिलं होतं.

सकाळी रिपोर्ट आला. अक्काचं पूर्ण जुळलं, माझं अर्धंच.

केमोच्या दर खेपेला परभणीहून त्याच्यासोबत मी गेले. उलटीचं भांडं मी धरलं. आन् अक्का? त्याच्या लग्नात मानाची साडी हलकी दिली म्हणून कालपरवापर्यंत त्याच्याशी बोलत नव्हती!

दुपारी जेवताना आईनं तुपाची अख्खी वाटी अक्काच्या ताटात रिकामी केली. "खा माय, रक्त वाढायला पायजे तुझं." मी ताट पुढं केलं तर म्हणते, "तुला कशाला आता?"

ताट तसंच सारलं. उठून अंगणात आले. मागून भाऊ आला, तोंडाला मास्क लावून. "ताई, अक्काला सुईची लय भीती वाटायलीय. तू जाशील ना तिच्यासंगं?"

जाणार हाय. हातबी धरीन तिचा.

पोखर्णीच्या नरसिंहाला मी भावाचा जीव मागितला होता, तो देवानं दिला. माझ्याच हातून दे, असं कुठं बोलले होते? तरी ते तूप डोळ्यांत सलायलंय.

खरं सांगा, तुमी जळला नसता?