सखूबाईंची मूठ आणि सिलोनचा पाहुणा

वाचनालयाच्या या फळ्याशी रोज थांबणाऱ्या मंडळींनो, आजचं वाचाच!

सिलोनचे पाच विद्यार्थी आपल्या अकोले गावात आलेत. त्यांतला एक सखूबाईंकडे उतरलाय. मी दुभाषा म्हणून सोबत होतो. सकाळी भात टाकण्याआधी सखूबाईंनी मूठभर तांदूळ मडक्यात बाजूला टाकले. "हे कशाला?" पाहुण्यानं मला इंग्रजीत विचारलं.

म्हटलं, "घरोघरी अशी मूठ काढतात. ते तांदूळ विकून आमची पाच मुलं तुमच्या देशात येणार."

त्यानं सुपातली आणखी एक मूठ उचलून मडक्यात टाकली. "ही माझ्या जेवणातली."

मी हे मराठीत सांगताच सखूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या त्येची मूठ. पर पाव्हणा उपाशी न्हाई उठायचा."

दुपारी त्याला पोटभर भात वाढून त्या स्वतः नाचणीची भाकरी खात होत्या. तांदूळ रेशनवर मोजून मिळतो अशा या दिवसांत!

आपल्या मुलांनाही तिकडं कुणी सखूबाई भेटेल ना?