सतरा हात सूत

पराते सर गेल्याचं मला शाळेच्या फळ्यावरून कळलं. एरवी तिथे सुविचार असतो. त्या सकाळी शिपाई सुविचार पुसून सरांचं नाव लिहीत होता. मला आधी रडू आलं, मग राग आला. महिना उलटला, रडू ओसरलं, राग मात्र तसाच आहे.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा आमच्या भंडाऱ्याच्या शाळेतले काही शिक्षक तिकडे गेले आणि आसगावहून पराते सर रसायनशास्त्र शिकवायला आले. विणकराच्या घरातले, मागाशेजारी वाढलेले. मी इतिहासाची, अणूशी माझं काही देणंघेणं नव्हतं. एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी विचारलं, "मॅडम, सोडियमले अकरा इलेक्ट्रॉन, क्लोरीनले सतरा. कोनता अणू मोठा?" मी अर्थात क्लोरीन म्हटलं. सरांनी पिशवीतून सुताचे दोन गोळे काढले. अकरा हात सुताचा गोळा संत्र्याएवढा, सैल. सतरा हातांचा सुपारीपेक्षा थोडा मोठा, घट्ट... "सारेच फसतात. आवर्तसारणीच्या आडव्या ओळीत उजवीकडं गेलं का सूत वाढते, पन आतून ओढनारं केंद्रही जोर धरते. माझा बाप मागाची कांडी सूत ओढून भरे तं बारीक होये, ढिली भरली का फुगे. तसंच हाये हे." उभ्या रांगेत खाली उतरलं की मात्र दर पायरीला सुताचा नवा थर चढतो, म्हणून अणू फुगत जातो, हेही त्यांनी तिथेच समजावलं. चहा निवला, पण जन्मात पहिल्यांदा मला रसायनशास्त्र कळलं.

पुढे एका उन्हाळ्यात व्हरांड्याच्या भिंतीवर आवर्तसारणी रंगवून घेतली गेली. पेंटरने प्रत्येक ओळीत डावीकडे लहान गोल काढून उजवीकडे मोठे मोठे करत नेले. पाहुणे आले, फीत कापली, फोटो निघाले. हे खोडून नीट काढून घ्या, असं सांगायला सर मुख्याध्यापकांकडे गेले. "सर, दिसाले मस्त दिसून राहिलं, कायले खोडता?" मुख्याध्यापक म्हणाले. "पोट्टे उलटं शिकून राहिले, म्हनून," सर म्हणाले. कुणी ऐकेना तेव्हा एका रविवारी त्यांनी चुन्याची बादली आणून सोडियम-क्लोरीनची तिसरी ओळ पुसून टाकली. सोमवारी हातात नोटीस: शालेय मालमत्तेचे नुकसान, खुलासा द्यावा. पेंटरने तीच ओळ पुन्हा तशीच चुकीची रंगवली, आणि आम्ही सगळे मूग गिळून बसलो. मीसुद्धा. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत सरांनी व्हरांड्यातला प्रत्येक वर्ग भिंतीकडे पाठ करून बसवला.

शोकसभा त्याच भिंतीखाली झाली. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, तसं सगळं चाललं होतं. ज्यांनी नोटीस दिली तेच मुख्याध्यापक, आता संस्थेचे सचिव, माईकवरून 'प्रयोगशील शिक्षक' म्हणाले आणि या भिंतीला सरांचं नाव देण्याची घोषणा करून बसले. सरांचे जुने विद्यार्थी सवयीने भिंतीकडे पाठ करून बसले होते. भिंतीपाशी ठेवलेल्या सरांच्या फोटोकडे तोंड करा, असं त्यांना दोनदा सांगावं लागलं. मी उठून म्हटलं, "आधी चूक दुरुस्त करा, मग नाव द्या." "मॅडम, हे बोलाची वेळ आहे का?" सचिव म्हणाले. टाळ्या मात्र वेळेवर वाजल्या.

आठ दिवसांत सारणीच्या माथ्यावर लाल अक्षरांत सरांचं नाव आलं. आयुष्यभर ज्या चुकीशी माणूस भांडला, तीच त्याच्या नावावर चढवली... मी चुन्याची बादली आणली आणि नाव पुसलं. फक्त नाव. चूक ज्यांची आहे त्यांच्याकडेच राहू दे.

काल मलाही नोटीस मिळाली. खुलासा द्यावा.

तेराव्याला सरांच्या पत्नीने ते दोन गोळे माझ्या हातात दिले होते. "तुमालेच समजले होते, तुमीच ठेवा," म्हणाल्या. खुलाशाला ते जोडते आहे. सचिवसाहेबांनी एकेक मुठीत धरून पाहावा, एवढंच लिहिलंय. सोडियम मुठीत मावत नाही. क्लोरीन मावतो, आणि जरा जडच लागतो. पाहून झाल्यावर दोन्ही गोळे परत करावेत, ही ओळ मी खाली दोनदा अधोरेखित केली आहे.