सरकत्या झाकणाचं टेबल

मोरिवलीच्या कारखान्यातून निवृत्त झालो, तेव्हा मी आत्मचरित्र लिहायचं ठरवलं. त्यासाठी आधी टेबल हवं, आणि तेही जुनं. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात तसं एक सापडलं. वर सरकतं लाकडी झाकण, आत पत्रांसाठी छोटे खण, दौतीसाठी खाच. दुकानदार म्हणाला, "साहेब, अंग्रेज के टाइम का है." मी विश्वास ठेवला, कारण मला तो ठेवायचाच होता.

बेलवलीला आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ते मावेना. हमालांनी जिन्याने चढवलं, तर दारात अडकलं. शेवटी चौकट तासावी लागली. बायकोने खाली पडलेला भुसा झाडून काढला.

"आता लिहिणार ना?" तिने विचारलं.

"आधी अभ्यास," मी म्हणालो.

लिहायच्या टेबलांचा अभ्यास मात्र जोरात झाला. आपले कारकून मांडी घालून उतरत्या डेस्कवर लिहायचे. इंग्रज साहेब खुर्चीवर बसला, तसे डेस्कला पाय फुटले. पुढे पसारा न आवरता उठता यावं म्हणून झाकण आलं. येईल त्या पाहुण्याला मी हे ऐकवायचो. पाहुणे चहा घाईने संपवायचे. आत्मचरित्राचं एक पानही झालेलं नव्हतं.

बायको मात्र भाजी निवडून झाली की जेवणाच्या टेबलावर काहीतरी लिहीत बसायची. एके दिवशी तिने कागद माझ्यापुढे ठेवले. माहेरची भातशेती, त्या जमिनीवर आलेले कारखाने, सायरन ऐकून स्वयंपाकाला लागणारी तिची आई. वाचता वाचता मी टेबल विसरलो.

"दिवाळी अंकाला पाठव," मी म्हणालो आणि कागद नीट राहावेत म्हणून माझ्या टेबलात ठेवून झाकण ओढलं.

सकाळी झाकण जाम. तेल घातलं, थोपटलं, शेवटी पेचकस घेऊन मागची फळी काढली. आत कोरं करकरीत प्लायवूड, त्यावर उल्हासनगरच्याच वखारीचा शिक्का.

बायकोने हात घालून कागद काढले, क्रमाने लावले. मग शिक्का वाचला.

"इंग्रज जाताना उल्हासनगरला थांबले होते वाटतं," ती म्हणाली.

लेख छापून आला. तिच्या मैत्रिणी भेटायला आल्या. एकीने झाकणावरून हात फिरवत विचारलं, "यावरच लिहितेस का गं?"

"नाही, ते यांचं आहे," बायको म्हणाली.

सगळ्या माझ्याकडे आदराने बघू लागल्या. मी चहा ठेवायला आत गेलो.