डबा तिकडे राहिलाय

नलूमावशी आमच्या मीरा रोडच्या हाटकेश भागात भाजीवाल्याशी हिंदी बोलायच्या, वाण्याशी मोडकंतोडकं गुजराती, आणि परदेशात गेल्या की सगळ्यांशी स्वच्छ मराठी. विमानतळावरच्या पोलिसाशीसुद्धा. "तुटकं इंग्लिश बोलले की तोंड चोरासारखं होतं माझं," त्या म्हणायच्या. "आपल्या भाषेत बोललं की चेहरा खरा राहतो. समोरच्याला तेवढंच तर वाचता येतं."

त्या माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. मुंबईतल्या एका इस्पितळात बत्तीस वर्षं नर्स होत्या. नवरा गेला, मुलगा अमित बंगळूरला स्थायिक झाला, आणि साठी उलटल्यावर या बाई एकट्या देशोदेशी हिंडायला लागल्या. टूर त्यांना अजिबात चालायची नाही. "आपलीच माणसं, आपलेच पोहे. त्यासाठी विमान कशाला? मीरा रोड आहे की."

सामानात एक स्टीलचा डबा ठरलेला असायचा. लग्नातला, झाकणावर 'सौ. नलिनी' असं नाव घातलेला. त्यात दाण्याचे लाडू भरायचे आणि जिथे मुक्काम असेल त्या घरच्या बाईला पहिल्याच संध्याकाळी द्यायचे. बहुतेक ठिकाणी डबा धुऊन, पुसून, रिकामा परत यायचा. मावशींना ते लागायचं. मी हसले की म्हणायच्या, "हसू नकोस. दुसरीचं भांडं रिकामं परत देऊ नये, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. त्यांची काय चूक?" पुढच्या खेपेला पुन्हा लाडू वळायला बसायच्या.

जॉर्जियात त्या चुकीच्या गावात उतरल्या. थंडी मरणाची, शेवटची बस निघून गेलेली. एका कुंपणापाशी बॅगेवर बसून राहिल्या. आतून त्यांच्याच वयाची एक बाई आली, मनाना तिचं नाव. तिनं काहीएक न विचारता यांना हाताला धरून घरात नेलं. मावशींनी लाडू दिले. सकाळी डबा परत आला तो फडक्यात बांधून, काठोकाठ अक्रोडांनी भरलेला. मला हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. "तिला कोणी शिकवलं असेल गं?" हा प्रश्न त्यांनी मला चारदा तरी विचारला असेल.

त्यानंतर त्या दोनदा तिच्याकडेच गेल्या. नव्या देशांची यादी तशीच राहिली. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं. तरी मनानाच्या सुनेचं माहेर आणि तिच्या गुडघ्यांचं दुखणं मावशींना तोंडपाठ होतं. शेवटच्या खेपेहून आल्या तेव्हा सामानात डबा नव्हता.

"हरवला?" मी विचारलं.

"ठेवून आलेय. डबा तिकडे राहिलाय म्हणजे मला जावंच लागेल ना."

तिकीट काढलं आणि पोटदुखी सुरू झाली. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. रिपोर्ट त्यांनी स्वतःच वाचला, आमच्या जिन्यात उभ्या राहून.

"चारेक महिने. त्यातले पहिले दोन बरे जातात. तेवढ्यात जाऊन येते."

"आणि तिकडेच काही झालं तर, मावशी?"

"तर मनाना आहे. आयसीयूत माणूस एकटं मरतं गं. मी बघितलंय. नातेवाइकांना बाहेर काढायचं काम माझंच होतं."

त्याच संध्याकाळी अमितचा फोन आला. "ताई, ती तुमचं ऐकेल. प्लीज, तिला जाऊ देऊ नका." झेरॉक्स काढायला म्हणून मावशींनी पासपोर्ट माझ्याकडे दिला होता. तो मी परत केला नाही. आज उद्या करत राहिले. आपण त्यांचं भलंच करतोय असं मला खरंच वाटत होतं, आणि त्याची आता लाज वाटते.

त्यांनी तीनदा मागितला. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "बरं वाटलं की देते हं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पेशंटला असंच सांगायचो आम्ही." पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. जायची तारीखही घरातच निघून गेली.

पुढच्याच महिन्यात त्या आयसीयूत गेल्या. भेटायची वेळ संध्याकाळी दहा मिनिटं, एकालाच. अकराव्या दिवशी सकाळी गेल्या, तेव्हा मी आणि अमित खाली कॅन्टीनमध्ये चहा घेत होतो.

अमितनं जाताना त्यांचा फोन माझ्याकडे ठेवला. तेराव्यानंतर एका दुपारी तो वाजला. व्हिडिओ कॉल होता. डोक्याला रुमाल बांधलेली, गोल चेहऱ्याची म्हातारी हसत होती. "नलिनी?" तिनं विचारलं आणि माझ्या मागे कोणी दिसतंय का ते बघायला मान वाकडी केली. मग उत्साहानं फोन फिरवला. खिडकीत डबा होता, 'सौ. नलिनी'. तिनं झाकण काढून दाखवलं. काठोकाठ अक्रोड.

मला दुसरं काही सुचेना. मी मराठीतच बोलले. "मावशी गेल्या. त्यांना यायचं होतं. मी येऊ दिलं नाही."

गेल्याचं तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं. ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. माझा गुन्हा मात्र तिला कळला नसावा, कारण रडता रडता ती माझीच समजूत घालत होती. मग तिनं झाकण लावलं आणि डबा कॅमेऱ्यासमोर धरून माझ्याकडे बोट केलं. तू ये, असं ती म्हणत होती.

दर रविवारी तिचा फोन येतो. मी उचलत नाही. मावशींचा पासपोर्ट अजून माझ्याच कपाटात आहे.