दशरथच्या जागेवर

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. हात कशानं गेला असं कुणी विचारलं की माझं एक ठरलेलं उत्तर असायचं. आज खरं काय ते लिहितो. पण त्यासोबत महादेवानं मला काय दिलं तेही सांगायचं आहे, आणि ते आठवलं की या वयातही छाती धडधडते.

साकोलीच्या आसपासच्या शंकरपटांत, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींत, मी छकडी हाकायचो. हाकणाऱ्याला आमच्याकडे धुरकरी म्हणतात. जोडी सुटली की कानात वारा शिरतो, माणसं दिसेनाशी होतात, उरतात फक्त बैलांच्या दोन पाठी आणि हातातला कासरा. आसगावचा माझा मित्र दशरथ सुरुवातीच्या रेषेवर समोर उभा राहून बैल धरायचा आणि झेंडी पडली की सोडून बाजूला व्हायचा.

एका पटात मी कासरा मनगटाला गुंडाळला. जाणता धुरकरी असं करत नाही, कारण पडला तर सुटता येत नाही. मला मात्र पकड घट्ट हवी होती. दशरथनं पाहिलं.

"कासरा काहून गुंडाळला गा? काढ तो."

"तू बैल धर," मी म्हणालो, "गुरुजी नको होऊ."

अर्ध्यावर चाक उसळलं. मी खाली आलो आणि बैलांनी मला फरफटत नेलं. मागून धावत येऊन मनगटाचे वेढे सोडवले ते दशरथनंच. उजवा हात खांद्यापासून निकामी झाला. दवाखान्यात लोकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, दशरथनं झेंडीच्या आधी बैल सोडले, मी सावध नव्हतो. तो दारातच उभा होता. त्यानं ऐकलं आणि तसाच मागे फिरला. त्यानंतर त्याला कुणी बैल धरायला बोलावलं नाही.

पटाचे दिवस आले की मी घराबाहेर पडत नसे. लांबून लोकांचा गलका ऐकू आला तरी डावी मूठ आपोआप आवळायची. मध्ये पटांवर बंदी आली तेव्हा, सांगायला लाज वाटते, मला बरं वाटलं होतं. बंदी उठली आणि दुःख होतं तसं परत आलं.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात आमच्या गावाशेजारी पट भरला. मी तळ्याच्या पाळीवरच्या महादेवासमोर डोकं टेकलं आणि म्हणालो, देवा, निदान ही ओढ तरी काढून घे. बाहेर आलो तर पायरीखाली एक अनोळखी पोरगी बैलजोडी धरून उभी. ती स्वतः धुरकरी होती! बैल धरणाऱ्या तिच्या भावाचा पाय मुरगळला होता.

"काका, माही जोडी धरता का जी?"

मी म्हटलं, बाई, माझा उजवा हात कामाचा नाही.

"डावा आहे ना? मंग चला. नंबर येऊन राहिला."

मी गेलो. बैलांचा गरम श्वास तोंडावर येत होता, त्यांच्या अंगातला थरकाप माझ्या एका हातात उतरत होता. मी शंभू शंभू म्हणत राहिलो आणि बैल शांत झाले. झेंडी पडली, मी सोडलं आणि बाजूला उडी घेतली. जोडी अशी गेली की मी वेड्यासारखा ओरडत मागे पळालो! पहिला नंबर तिचा आला. हाकणारा मी नव्हतो, तरी सगळा आनंद माझा होता. ओढ काढून घे म्हणालो होतो. देवानं ती ठेवली आणि मला दुसऱ्या जागेवर उभं केलं. हातातलं त्याच्यावर सोपवून मोकळं होता येतं, हे मला तिथं कळलं. ती जागा दशरथची होती, हेही तिथंच कळलं.

दुसऱ्या दिवशी आसगावला गेलो. दशरथ आजारी होऊन खाटेवर पडला होता. मी पटाचं सांगू लागलो तसा तो उठून बसला. बैल कसे होते, सुटताना कोणता पुढं झाला, सगळं विचारलं. आम्ही दोघं पोरांसारखे हसलो. माफीचे शब्द माझ्या ओठांवर होते, पण त्याचा तो आनंद मोडवेना. पुढच्या खेपेला बोलू म्हणून परतलो. उन्हाळ्यात तो गेला.

त्याला भेटवलंस, देवा, हे तुझे उपकार. आता एवढं त्याच्या कानावर घाल: दशरथ, तू बैल वेळेवरच सोडले होते. मी खोटं बोललो. मले माफ कर गड्या.