सकाळचं उत्तर

"म्हाताऱ्या माणसाला एकटं असताना विचारा, चारचौघांत तो मुलांचंच बोलतो," असं अहल्या म्हणायची.

दांडिया बाजारातल्या बायका तिला हॉस्पिटलात सोबत नेत. डॉक्टर बोलत ते ती वहीत लिहून घेई आणि घरी येऊन सावकाश समजावून सांगे. शिक्षण अकरावीपर्यंतचंच, बाकीचं सासऱ्यांचं, प्रतापसिंहरावांचं, करता करता आलं. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं त्या सासऱ्यांचं इन्सुलिन, पथ्य तिच्याकडेच होतं, आणि आता दोन महिने काळ्या पडत चाललेल्या पायाचं ड्रेसिंग.

पाय गुडघ्याखाली काढायचा, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या खोलीत कुणी नसताना ती त्यांच्या खाटेशी बसली. पाय ठेवला तर विष अंगात चढेल, फार दिवस मिळणार नाहीत, हेही तिने लपवलं नाही.

"कळतंय मला," ते म्हणाले. "कापू नका. आहेत ते दिवस घरात जाऊ देत."

तिने ते वहीत तारीख घालून लिहिलं. त्यांनी खाली सही केली.

दुपारी दीर, गोविंद, मकरपुऱ्याच्या कारखान्यातून कंपनीच्या कपड्यांतच आला. तिने वही पुढे केली.

"वहिनी, परवा ते जिलेबीही मागत होते. ती लिहून घेतली नाहीत?"

"जिलेबी मी दिली नाही, भावजी. पाय त्यांचा आहे."

"आणि लोक म्हणतील, पोराने बापाला नुसतं बघत बसून घालवलं." त्याचाही आवाज थकलेला होता. "ऑपरेशनच्या फॉर्मवर सही माझी लागते."

डॉक्टर आले. खाटेवर वाकून त्यांनी मोठ्याने, गुजरातीत, संमती विचारली, "दादा, पग काढवो पडशे. तमारी हा छे ने?"

प्रतापसिंहरावांनी वहीकडे पाहिलं नाही. परक्यासमोर मुलाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हीच त्या घरातली रीत.

"गोविंद म्हणेल तसं."

"आबासाहेब, सकाळी तुम्ही..."

त्यांनी डोळे मिटले.

एकटं गाठून विचारा, एवढं तिने सगळ्यांना शिकवलं होतं. मिळालेलं उत्तर चारचौघांत कसं टिकवायचं, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिलाही ते येत नव्हतं.

गोविंद फॉर्मवर वाकला. अहल्याने पायावरची चादर सारखी केली, वही त्यांच्या हाताशी ठेवली आणि बाहेर निघून गेली.