चंद्राकाकी आणि लाईटवरची शेगडी

आमची घरमालकीण चंद्रावती, म्हणजे चंद्राकाकी, कुणाच्या बापाला भीत नाही. पनवेलच्या कडेला असलेल्या आमच्या गावात जमीन मागायला आलेल्या बिल्डरला तिने अंगणातूनच वाटेला लावलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. पण घरातलं लाईटचं बटण मात्र ती लाटण्याच्या टोकाने दाबते. मी तिच्याकडे खाली भाड्याने राहते, तेव्हा हा सोहळा रोजचाच, आणि मी तिला चिडवायचेही. मग एकदा तिने सांगितलं, की तिचा धाकटा भाऊ भगवान शेतावर ओल्या हाताने मोटर चालू करायला गेला आणि विजेला चिकटून तिथेच गेला. ती बांधावर उभी होती. त्यानंतर मी चिडवणं सोडलं.

अशा बाईच्या घरात विजेची शेगडी आली, त्याला कारणही तसंच घडलं. मागे एका तापात काकीचं नाक जे गेलं ते गेलंच, तिला कसलाच वास येत नाही. एका दुपारी तिची चार वर्षांची नात मनस्वी खाली येऊन मला म्हणाली, "आमच्याकडे घाण वास येतोय." मी वर धावले. गॅस वाऱ्याने विझलेला, बटण उघडंच, आणि काकी लायटर घेऊन पुन्हा पेटवायला निघालेली. मी तिचा हात धरला. काय झालं असतं ते कळल्यावर तिने लायटर माझ्या हातात दिला, तो परत मागितला नाही.

तिचा मुलगा हरेश द्रोणागिरीला गोदामात कामाला, सून अंकिता बँकेत. दोघांनी सिलिंडर बंद करून टाकला आणि इंडक्शन आणलं. अंकिता वाईट नाही, पण बोलायला रोखठोक. "आई, हे जमलं तर उत्तमच," ती म्हणाली. "नाही जमलं तर मनस्वीला पाळणाघरात ठेवू. माझं तिकडे कामात लक्ष लागत नाही."

इथे काकीचा चेहरा पडला. ती पोर म्हणजे तिचा अख्खा दिवस. न्हाऊमाखू घालणं, माशातले काटे काढून भरवणं, दुपारी पोटाशी घेऊन निजवणं, यापलीकडे तिला आता दुसरं काही हवंच नव्हतं. पण शेगडीजवळ जायला ती धजत नव्हती.

"ओल्या हातानं भाकरी थापायची न् त्याच हातानं बटन दाबायचं?" तिने मला हळूच विचारलं. "तुला तरी हे बरं वाटतंय का?"

मी म्हटलं, हात पुसायचे. माझं काय जातं म्हणायला.

आमच्याकडे नवी चूल पहिल्यांदा दूध उतू घालवूनच वापरतात. हरेश कामावर जाताना बजावून गेला होता, की यावर काही सांडू देऊ नकोस. पण जिची एवढी धास्ती, तिला शांत केल्याशिवाय काकी हात कशी लावणार? तिने शेगडीला हळदकुंकू लावलं, टोपात दूध ठेवलं आणि मला वर बोलावलं. दूध चढलं. काकीने हात जोडून डोळे मिटले आणि ते सगळ्या बाजूंनी छान उतू जाऊ दिलं.

ते काचेवरून शेगडीच्या पोटात शिरलं. फाटकन आवाज झाला, जळका धूर आला, डोक्यावरचा पंखा थांबला. ओट्यावरून दूध खाली गळत होतं, आणि त्या थारोळ्यात अनवाणी मनस्वी शेगडीची लोंबणारी वायर धरून उभी होती. मी दारातच थिजले. काकीने झेप घेऊन पोरीला उचललं. दोघींना काही झालं नाही. मनस्वी उलट दूध सांडलं म्हणून हसत होती. काकी मात्र तिला खाली ठेवायला तयार नव्हती.

वायरमन येऊन म्हणाला, मेन स्विच तेव्हाच आपोआप पडला होता, घाबरायचं कारण नव्हतं. संध्याकाळी सगळं ऐकून अंकितानेच विषय मिटवला. "शेगडी दुसरी येईल. आईंनी पोरीला वाचवलं, मला तेवढं पुरे. मनस्वी घरीच राहील."

काकीला हवं होतं ते मिळालं होतं. मला वाटलं, आता ती रडेल, मग हसेल.

"नको," ती म्हणाली. "पयला मी हात मागं घेतला."

कुणालाच कळेना.

"पोरीनं वायर धरलेली बगितली न् माजा हात मागं आला. मना भगवान दिसला. मग उचललं तिला. तुमी कुनी नाय बगितलं, मी बगितलं. परत असं झालं न् हात फुडं गेलाच नाय तर? तिला पालनाघरात घाल, अंकिता."

अंकिताने खूप समजावलं, हरेश चिडलाही. काकी ऐकेना. सोमवारी ती स्वतःच मनस्वीला घेऊन पाळणाघरात गेली. मीही सोबत होते. तिने तिथल्या भिंती पाहिल्या, प्लगला झाकणं आहेत का ते विचारलं, मग पोरीचा हात पाळणाघराच्या बाईंच्या हातात दिला. मनस्वी रडत आत गेली.

"चल काकी," मी म्हटलं.

"तू जा," म्हणत ती बाहेरच्या पायरीवर टेकली. "आत मना नाय बसवनार. हितं बसायला कोन नाय बोलतो?"